ग्रंथातला प्रतिस्पर्धी

बुद्धिबळावरचा ग्रंथ आरामखुर्चीत पडून वाचता येत नाही. कादंबरीचा वाचक पाने उलटत पुढे जातो. बुद्धिबळाचा ग्रंथ वाचणाऱ्याला शेजारी पट मांडावा लागतो, छापलेली चाल पाहून मोहरा हलवावा लागतो, मध्येच शंका आली तर ग्रंथ पालथा घालून स्वतःची चाल खेळून पाहावी लागते, आणि ती फसली की सारे मोहरे पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवावे लागतात. हे शेवटचे काम किती कटकटीचे असते, ते ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. अर्ध्या तासात एक पान उरकले तरी पुष्कळ झाले. वाचनाचा हा विलक्षण प्रकार गेली हजार-अकराशे वर्षे चालू आहे. माणसासमोर माणूस बसून जो खेळ शिकतो तो कागदावरून शिकता येतो काय, आणि येत असल्यास कागदाने नेमके काय सांगावे व काय सांगू नये, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. आपल्या देशाच्या बाबतीत तर या प्रश्नाला आणखी एक टोक आहे. खेळ इथला, पण तो शिकवणारे ग्रंथ बहुतेक बाहेरचे, अशी परिस्थिती आपल्या वाट्याला दीर्घकाळ आली.

चतुरंग भारतातून इराणात गेले आणि तिथून अरबांकडे पोहोचले, हे सर्वश्रुत आहे. या खेळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याची परंपरा मात्र बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात उदयाला आली. नवव्या शतकात अल्-अदली या नामांकित खेळाडूने शतरंजावर ग्रंथ लिहिला. तो आज उपलब्ध नाही. त्यातला काही भाग नंतरच्या हस्तलिखितांतून तेवढा टिकून आहे. त्याच्यानंतरचा अस्-सूली हा खलिफा अल्-मुक्तफीच्या दरबारात प्रतिस्पर्ध्याला हरवून प्रसिद्धीस आला आणि इसवी सन ९४६ च्या सुमारास वारला. या लोकांच्या ग्रंथांचा गाभा म्हणजे ‘मन्सूबा’. म्हणजे पटावर मांडून ठेवलेली एक विशिष्ट स्थिती, आणि तिच्यातून मार्ग काढण्याचे वाचकाला दिलेले आव्हान. आपण मराठीत ‘मनसुबा रचणे’ म्हणतो तो शब्द फारसीच्या वाटेने आलेला हाच शब्द होय. राजकारणातल्या बेतांना आपण बुद्धिबळाच्या ग्रंथातला शब्द लावतो, याची आपल्याला सहसा जाणीव नसते.

अस्-सूलीने अशी एक स्थिती मांडली होती की, आपण स्वतः शिकवल्याखेरीज ती कोणालाही सुटणार नाही अशी त्याची प्रौढी होती. पटावर मोहरे अगदी थोडे: दोन्ही बाजूंना एकेक राजा आणि एकेक वजीर. त्या काळचा वजीर तिरपे एकच घर जाणारा दुबळा गडी होता, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थितीची अवघड गंमत कळते. अस्-सूलीने उत्तर काही लिहून ठेवले नाही. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख याने तिची उकल प्रसिद्ध केली. म्हणजे एका ग्रंथकाराने विचारलेला प्रश्न सुमारे हजार वर्षे जिवंत राहिला. उत्तर दिले असते, तर तो पहिल्या पिढीतच पाठ होऊन गेला असता.

आपल्याकडे या काळात काय होते? संस्कृत वाङ्मयात बुद्धिबळाचे उल्लेख थोडेथोडके नाहीत. नवव्या शतकातील काश्मिरी पंडित रुद्रट याच्या ‘काव्यालंकारा’त घोड्याच्या चालीने वाचायचा श्लोक आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाचे वर्णन केले. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टाने आपल्या ‘भगवंतभास्कर’ या प्रचंड ग्रंथातील ‘नीतिमयूखा’त त्याला जागा दिली. हे भट्ट घराणे मूळचे आपल्या पैठणचे. तेव्हा गोदाकाठच्या एका घराण्याने गंगाकाठी बसून बुद्धिबळाचे नियम नोंदवले, असे म्हणायला हरकत नाही. पण हे सारे उल्लेख मोठ्या ग्रंथांच्या पोटातले आहेत. धर्म, राजनीती, काव्य यांच्या विवेचनात खेळाला एखादे प्रकरण मिळाले, एवढेच. नवशिक्याला हाताशी धरून पटापाशी बसवणारा ग्रंथ त्यांच्यात नाही. माझ्या मते याचे कारण आपली शिक्षणाची रीत हेच असावे. वाड्याच्या ओसरीवर डाव मांडला जाई, भोवती चारजण बसत, वडीलधारी मंडळी खेळत आणि पोरे पाहत. पाहता पाहता एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणे, ‘बस रे आता तू.’ ज्याला समोर गुरू आहे त्याला ग्रंथाची निकड भासत नाही.

ही निकड इथे प्रथम भासली ती दोन प्रकारचे खेळ एकमेकांसमोर आले तेव्हा. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट यांच्या चालींत क्रांती झाली होती. ते लांब पल्ल्याचे झाले होते. पुढे प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा आणि राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारा किल्लेकोट हेही तिथे स्थिरावले. आपल्या देशी खेळात प्यादे एकेक घरच चाले. किल्लेकोटाऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचे काय व्हावे हे ते कोणत्या मोहऱ्याच्या पट्टीत पोहोचले यावर बहुधा ठरे. आणि प्रतिपक्षावर प्याद्याने मात करणे हा सर्वांत मानाचा विजय समजला जाई. कंपनी सरकारचे साहेब लोक आणि देशी खेळाडू एका पटावर बसू लागले, तेव्हा आधी नियमांचाच तह करावा लागला.

या तहाचा एक कागद आपल्यापाशी आहे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू असताना, १८१४ साली, मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील निबंधांचा इंग्रजी ग्रंथ छापला गेला. मूळ रचना संस्कृत. तिचे हे भाषांतर युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतले आहे, असे शीर्षकपृष्ठावरच जाहीर केले होते. आत मुख्यतः मांडलेल्या स्थितीच आहेत. त्यांत प्याद्याने मात करण्याची अट घातलेल्या देशी वळणाच्या स्थितीही आहेत. शास्त्रीबोवांनी मोठ्या सिद्धांतांचा घोळ घातला नाही. बगदादी ग्रंथकारांप्रमाणेच त्यांनी वाचकासमोर पट मांडला आणि चाल त्याच्यावर सोपवली. तीनच वर्षांनी लंडनमध्ये विल्यम लुइस याने या स्थिती ‘पौर्वात्य बुद्धिबळ’ अशा अर्थाच्या नावाने पुन्हा छापल्या. पुढे १८२९ साली मद्रासला गुलाम कासीम आणि जेम्स कॉक्रेन यांनी मिळून एका विशिष्ट सुरुवातीची चिकित्सा करणारे पुस्तक काढले. आपला घोडा मुद्दाम मारू देऊन प्रतिपक्षाच्या राजावर तुटून पडण्याची ती ‘मुझिओ’ नावाची चढाई. त्याच पुस्तकात मद्रास आणि हैदराबाद या शहरांमध्ये झालेल्या सामन्याचे दोन डावही छापले होते. एक हिंदी आणि एक इंग्रज असे दोघे एका मुखपृष्ठावर, आणि तेही युरोपीय खेळाच्या शास्त्रीय चर्चेसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट लहान नव्हती.

तिकडे युरोपात मुद्रणकलेने या ग्रंथांना वेगळेच वळण दिले होते. सालामांका येथे १४९७ साली छापलेला लुसेना याचा ग्रंथ हा नव्या चालींच्या खेळावरील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना छापील ग्रंथ. त्यात सुरुवातीच्या चाली आहेत, सोडवायच्या स्थिती आहेत, आणि उजेड प्रतिपक्षाच्या डोळ्यांवर येईल असा पट मांडावा अशी व्यावहारिक मसलतही आहे! सतराव्या शतकातला इटालियन ग्रेको आपल्या डावांची हस्तलिखिते करून श्रीमंत आश्रयदात्यांना देई. त्यांतले डाव झगमगीत असत. एक बाजू भराभर चुका करी आणि दुसरी तिला नेत्रदीपक रीतीने चिरडून टाकी. वाचकाला आनंद होई. पण आपल्यासमोरचा प्रतिस्पर्धी तशाच चुका न करील तर काय, याचे उत्तर मिळत नसे.

ते उत्तर देण्याचा पहिला मोठा यत्न फिलिडोर या फ्रेंच संगीतकाराने केला. त्याचा ग्रंथ १७४९ साली लंडनमध्ये निघाला तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्यापूर्वीचे ग्रंथ ‘ही चाल खेळा, मग ती खेळा’ असे सांगत. फिलिडोरने ‘का’ ते सांगितले. ज्या प्याद्यांना सारे क्षुद्र मानत, त्यांच्याच रचनेवर चढाई आणि बचाव दोन्ही अवलंबून असतात, हे त्याने चालीगणिक टिपा देऊन दाखवले. त्या टिपांचे महत्त्व असे की, ग्रंथातला डाव पटावर हुबेहूब येण्याचा योग क्वचितच असतो, पण ग्रंथातले कारण मात्र दुसऱ्या डावातही उपयोगी पडते. बुद्धिबळाच्या अध्यापनाचे शास्त्र झाले ते इथून, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथाच्या जोडीला वर्तमानपत्र आले. १८१३ साली ‘लिव्हरपूल मर्क्युरी’ या पत्राने बुद्धिबळाचे सदर सुरू केले आणि तीन दशकांत ही टूम सर्वत्र पसरली. हॉवर्ड स्टाँटन हा त्या काळचा अग्रगण्य खेळाडू १८४५ पासून १८७४ साली मरेपर्यंत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये सदर लिहीत असे. ग्रंथापेक्षा सदराचा गुण असा की, ते आज प्रश्न विचारते आणि उत्तर आठवड्याने देते. मधले सहा-सात दिवस वाचक एकटा पटासमोर. बर्लिनला १८४३ मध्ये बिल्गरचा बृहद्ग्रंथ निघाला, आणि स्वतः स्टाँटनचे पाठ्यपुस्तक १८४७ मध्ये. यांत सुरुवातीच्या चालींचे तक्ते पानेच्या पाने भरलेले. उपयुक्तता नाकारता येत नाही. पण पाठांतरावर विसंबणाऱ्या खेळाडूंची एक जातच या तक्त्यांतून जन्मास आली.

या पाठांतराची कसोटी कलकत्त्यात लागली. जॉन कॉक्रेन हा तिथला वकील साधा हौशी खेळाडू नव्हता. १८२२ साली त्याने स्वतः बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता, आणि इंग्लंडात असताना थेट स्टाँटनशी डाव खेळले होते. हिंदुस्थानात त्याला तोडीचा खेळाडू मिळेना. अशात १८४८ च्या सुमारास महेशचंद्र बंदोपाध्याय नावाच्या ब्राह्मणाचा शोध लागला. गडी मुफसलात राहणारा. देशी पद्धतीच्या खेळात वाढलेला. युरोपीय नियमही त्याला नीटसे ठाऊक नव्हते, मग युरोपीय ग्रंथ कुठून वाचलेले असणार! त्या दोघांचे पुढे कित्येक वर्षे शेकडो डाव झाले. पुष्कळ डाव कॉक्रेनने जिंकले, पण सगळे नव्हे. महेशचंद्र मध्यावरची जागा प्याद्यांनी बळकावण्याची घाई करत नसे. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून तो त्या खोबणीत उंट बसवी आणि प्रतिपक्षाला पुढे येऊ देई. ज्याच्या देशी खेळात प्यादे मुळी एकच घर चालते, त्याला ही संथ बांधणी अगदी स्वाभाविक होती. युरोपीय पंडितांच्या दृष्टीने ती चमत्कारिक. आज जगभर ‘इंडियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावांचे नाव या कलकत्त्याच्या डावांपासून आले, असे इतिहासकार सांगतात.

त्यातला १८५५ सालचा एक डाव विशेष आहे. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना महेशचंद्राने पहिल्या तीन चालींत घोडा, घोड्यापुढचे प्यादे आणि मग वजिरापुढचे प्यादे अशी बांधणी केली. १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या व्हिएन्नाच्या पंडिताने हीच बांधणी प्रथम दर्जाच्या सामन्यांत आणली आणि सर्व पाठ्यपुस्तकांत ती त्याच्या नावाने नोंदली गेली. ग्रुनफेल्ड हा सुरुवातीच्या चालींचा चालता-बोलता कोश समजला जाई. ग्रंथ न वाचलेला मनुष्य सदुसष्ट वर्षे आधी त्याच ठिकाणी पोहोचला होता. यावरून ग्रंथ निरुपयोगी ठरतात असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. कॉक्रेन ग्रंथकर्ता होता, चाली टिपून ठेवण्याची त्याला सवय होती, आणि ते डाव तो विलायतेत धाडत असे, म्हणूनच महेशचंद्राच्या चाली आज आपल्याला ठाऊक आहेत. त्याच्या आधीच्या पिढ्यांतले किती महेशचंद्र ओसरीवर खेळून आणि जिंकून गेले असतील, त्यांची एकही चाल शिल्लक नाही.

पुण्यातही या गोष्टीची जाणीव होऊ लागली होती. १८९३ साली विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे मराठी पुस्तक तिथे निघाले. दिल्लीकडे त्याच सुमारास उर्दूत शतरंजाची पुस्तके छापली जात होती. पुढे हॅरल्ड मरे या इंग्रज विद्वानाने १९१३ साली बुद्धिबळाचा सुप्रसिद्ध इतिहास लिहिला, तेव्हा देशी खेळाची माहिती गोळा करताना त्याला या देशी भाषांतील पुस्तकांचाच आधार घ्यावा लागला. परंतु ही पुस्तके ज्या खेळासाठी लिहिली गेली, तो खेळच ओसरत चालला होता. स्पर्धा, बक्षिसे, परदेशचे सामने, सारे युरोपीय नियमांनी होऊ लागले. आणि त्या नियमांचे शास्त्र इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये होते. उत्तम खेळाडूला आता खेळाखेरीज एक परकी भाषाही येणे आवश्यक झाले.

हे ज्याच्या बाबतीत सर्वांत तीव्रपणे दिसले तो मीर सुलतानखान. पंजाबातील मिठा टिवाणा गावचा हा तरुण वडिलांकडून देशी खेळ शिकला. सर उमर हयातखान या जमीनदाराने त्याला आश्रय दिला, युरोपीय नियमांची ओळख करून दिली, आणि १९२९ साली आपल्याबरोबर लंडनला नेले. तिथल्या एका छोट्या स्पर्धेत तो प्रथम सपाटून हरला. मग विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्याच्यासोबत बसून सुरुवातीच्या चालींची तयारी करून घेतली; जे ज्ञान ग्रंथांतून यायचे, ते माणसांनी तोंडी दिले. काही महिन्यांतच तो ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. १९३२ आणि १९३३ साली त्याने ते पुन्हा जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्याने कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला नमवले. इंग्रजी ग्रंथ त्याला वाचता येत नसत असे समकालीनांनी लिहिले आहे. तो निरक्षर होता ही गोष्ट मात्र त्याच्या घराण्यातील व्यक्तींनी अलीकडे ठामपणे नाकारली आहे, आणि परक्या भाषेच्या अज्ञानाला निरक्षरता म्हणणे हा अन्याय खराच. त्याच्या डावांची सुरुवात पुष्कळदा अवघडलेली असे. पण मोहरे कमी झाले, पट मोकळा झाला, पाठ केलेल्या चालींचा साठा संपला, की तिथून पुढे त्याच्याशी बरोबरी करणारे जगात थोडेच होते. १९३३ नंतर तो मायदेशी परतला आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून कायमचा दिसेनासा झाला. त्याच्या निवडक डावांचा संग्रह इंग्लंडमध्ये १९६५ साली निघाला. पुढल्याच वर्षी तो सरगोध्याला वारला. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर ही सन्मान्य पदवी दिली ती २०२४ साली.

सुलतानखान युरोप गाजवीत होता त्याच काळात, पाठांतराविरुद्ध सर्वांत मोठा आवाज एका ग्रंथकारानेच उठवला होता. इमॅन्युएल लास्कर हा १८९४ ते १९२१ असा सत्तावीस वर्षे जगज्जेता. १९२० नंतरच्या दशकात निघालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी त्याने एक हिशेब मांडला आहे. सामान्य बुद्धीच्या माणसाने बुद्धिबळ शिकायला दोनशे तास द्यावेत. त्यांतले पाच तास नियम आणि सराव, पाच तास डावाच्या शेवटाची मूलतत्त्वे, दहा तास सुरुवातीच्या चाली, वीस तास संयुक्त मारा, चाळीस तास स्थितीचे आकलन. आणि उरलेले एकशेवीस तास प्रत्यक्ष खेळ व खेळून झालेल्या डावाची चिकित्सा. ज्या सुरुवातीच्या चालींनी ग्रंथांचे रकाने भरत होते त्यांना दोनशेपैकी दहा तास! स्मरणात फार थोडे साठवावे, आणि हवे तेव्हा ते नव्याने निर्माण करण्याची रीत तेवढी अंगी बाणवावी, असा त्याचा आग्रह होता. ग्रंथकाराने आपल्याच मालाची किंमत इतकी कमी सांगितल्याचे उदाहरण विरळाच. पण हा हिशेब अमलात आणायचा तर चिकित्सा करणारा कोणीतरी जवळ हवा, ही अडचण लास्करने सोडवली नाही. त्याला स्वतःला ती कधी पडलीही नसेल.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे संघटित प्रयत्न सुरू झाले. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. १९६१ मध्ये मद्रासचे मॅन्युएल आरन भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. या पिढीचा ग्रंथसंग्रह इंग्रजीच होता, आणि इंग्रजी ग्रंथांतली नोंदीची पद्धत म्हणजे आणखी एक संकट. तीत दोन्ही खेळाडू आपापल्या बाजूने घरे मोजत, त्यामुळे एकाच घराला दोन नावे. वास्तविक अलेप्पो नगरीचा फिलिप स्टाम्मा याने १७३७ सालीच पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक अंक अशी सुटसुटीत रीत वापरली होती. पण इंग्रजी जगाने ती स्वीकारायला दोन शतकांहून अधिक काळ घेतला. जागतिक संघटनेने ती एकमेव अधिकृत ठरवली ती १९८१ साली.

भाषेची भिंत दोन रीतींनी ओलांडली गेली. पहिली रीत अमेरिकेच्या बॉबी फिशरची. सर्वांत चांगले लेखन सोव्हिएत नियतकालिकांत येते असे पाहून त्या मुलाने त्यातले डाव आणि टीपा समजण्यापुरते रशियन स्वतःच शिकून घेतले. जुन्या ग्रंथांतही तो असाच बुडालेला असे. स्टाइनिट्सने १८९१ साली खेळून दाखवलेली, घोडा पटाच्या कडेला नेणारी एक चाल पंडितांनी हसण्यावारी नेली होती. फिशरने १९६३ मध्ये ती पुन्हा खेळली आणि डाव जिंकला. दुसरी रीत बेलग्रेडची. १९६६ साली तिथे मातानोविच या ग्रँडमास्टरने ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ सुरू केले. त्यात शब्दच नाहीत! मोहऱ्यांची चित्रे, घरांचे अंक, आणि ‘पांढऱ्याची बाजू वरचढ’, ‘चाल संशयास्पद’ अशा अभिप्रायांसाठी ठरवलेल्या खुणा. मद्रासचा, बेलग्रेडचा आणि ब्यूनॉस आयरीसचा वाचक ते एकसारखेच वाचू लागला. सुलतानखानाच्या हाती असे पुस्तक पडते तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची कथा आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. १९८७ च्या सुमारास हॅम्बुर्गमध्ये डावांचा संग्रह संगणकावर चढला. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या यंत्राने कास्पारोव्हला हरवले. आणि आता खिशातला दूरध्वनी कुठल्याही जगज्जेत्याहून अचूक चाल क्षणात सांगतो. पडद्यावर मोहरे आपोआप हलतात, निवेदक गोड आवाजात समजावून सांगतो, आणि हे सारे खेड्यातल्या मुलालाही जवळजवळ फुकट मिळते. मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांतही मिळते. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकते ती या युगात. लास्करच्या हिशेबात जो चिकित्सक कमी पडत होता, तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोहरे परत मांडण्याची कटकटही उरली नाही. तरी एक फरक राहतो. पट शेजारी ठेवून वाचणाऱ्याला पुढची चाल वाचण्यापूर्वी थांबावेच लागे. पडदा मात्र थांबत नाही, आणि उत्तर दिसल्यावर ते आपल्यालाही सुचलेच होते असे वाटू लागते.

अर्थात पडद्याला थांबायला लावता येत नाही असे मुळीच नाही. विश्वनाथन आनंद मद्रासला आईकडून सहाव्या वर्षी खेळ शिकला, आणि पुढे १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर, मग जगज्जेता झाला. १९७८-७९ च्या सुमारास वडिलांच्या नोकरीमुळे हे कुटुंब फिलिपीन्समध्ये मनिलाला होते. तिथल्या दूरदर्शनवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे. डाव समजावून सांगत आणि शेवटी एक कोडे घालत. आनंद त्या वेळी शाळेत असे. म्हणून त्याची आई कार्यक्रम पाहून चाली आणि कोडे वहीत उतरवून ठेवी. संध्याकाळी मायलेक पटापाशी बसत, कोडे सोडवत आणि उत्तर पाठवून देत. बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून बुद्धिबळाचे पुस्तक मिळे. अशी पुस्तके घरी येतच राहिली. शेवटी कार्यक्रमवाल्यांनी त्या मुलाला आपल्या ग्रंथालयात नेले आणि सांगितले की, हवी तेवढी पुस्तके घेऊन जा. फक्त यापुढे उत्तरे पाठवू नकोस.